जुबिली (लास व्हेगस येथील रंगमंचीय कार्यक्रम)

जुबिली : अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील लास व्हेगस या शहरी १९८१ ते २०१६ या काळात सादर झालेला भव्य नृत्यसंगीतमय कार्यक्रम. कथानकापेक्षा नेपथ्य, वेशभूषा आणि समूहनृत्य यांच्यावर भर देणाऱ्या पॅरिसच्या रंजनपरंपरेचा हा अमेरिकेतील अखेरचा मोठा प्रतिनिधी मानला जातो. त्याचा इतिहास रंगमंचावरील दृश्यांइतकाच पडद्यामागील श्रमांचा व शिस्तीचा आहे.

पार्श्वभूमी : लास व्हेगसमधील कॅसिनोंना, म्हणजे जुगारगृहांना, करमणुकीचे कार्यक्रम हे उत्पन्नाचे मुख्य साधन वाटत नसे. प्रेक्षक कार्यक्रमाच्या ओढीने यावा आणि नंतर जुगाराच्या दालनात रेंगाळावा, एवढाच त्यांचा उद्देश असे. त्यामुळे कार्यक्रमावरील तूट सोसली जाई. या धोरणातूनच १९५८ साली स्टारडस्ट हॉटेलात ‘लिडो द पारी’ हा पॅरिसचा कार्यक्रम आला. त्याचे दिग्दर्शन डॉन आर्डन (मृ. १९९४) याने केले होते. रंगमंचावर आगी, पूर, भूकंप यांसारखी संकटे घडवून दाखविणे, ही आर्डनची खासियत होती. एम्. जी. एम्. ग्रँड हॉटेलात १९७४ पासून त्याचा ‘हॅलेलुया हॉलिवुड’ हा कार्यक्रम चालू होता. त्याच्या जागी ‘जुबिली’ची योजना झाली.

आग व प्रारंभ : नव्या कार्यक्रमाची तयारी चालू असतानाच २१ नोव्हेंबर १९८० रोजी या हॉटेलला आग लागली. एका उपाहारगृहाच्या भिंतीतील विद्युत्‌दोषातून ती उद्‌भवली. जुगाराच्या दालनात आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. आग तेथून झपाट्याने पसरली व धूर वरच्या मजल्यांवर चढला. या दुर्घटनेत ८५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून गेली. नेव्हाडा राज्याने त्यानंतर उंच इमारतींतील अग्निसुरक्षेचे नियम कडक केले. कार्यक्रमाचा प्रारंभ लांबला आणि हॉटेल पुन्हा उघडले तेव्हा, जुलै १९८१ मध्ये, तो झाला. निर्मितीसाठी सु. १ कोटी डॉलर खर्च आला. संकटांची प्रतिकृती दाखविणारा हा कार्यक्रम अशा रीतीने एका खऱ्या संकटाच्या छायेत जन्मास आला. पुढे हॉटेलाची मालकी बदलून ते ‘बॅलीज’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

रंगमंच व रंगपट : टायटॅनिक जहाजाचे बुडणे आणि सॅमसनने केलेला मंदिराचा विध्वंस ही कार्यक्रमातील प्रमुख दृश्ये होत. जहाज तिरपे होणे, पाण्याचे लोट येणे, खांब कोसळणे या क्रिया प्रत्येक प्रयोगात ठरलेल्या क्षणी घडवाव्या लागत आणि नंतर सारे पूर्ववत् मांडावे लागे. रंगमंच-कामगार व नर्तक यांच्यातील समन्वय थोडा जरी चुकला, तरी अपघाताचा धोका असे. रंगपट रंगमंचाच्या खालच्या बाजूस होते. त्यामुळे प्रत्येक प्रवेशानंतर नर्तिकांना जिने उतरून पोशाख बदलावा लागे आणि पुन्हा वर धावावे लागे. त्या घाईत हुक, पट्टे व पिसारे सांभाळणाऱ्या मदतनीस स्त्रियांचे काम प्रेक्षकांना कधीच दिसले नाही. परंतु त्यांच्याविना एकही प्रवेश वेळेवर झाला नसता.

वेशभूषा : बॉब मॅकी आणि पीट मेनेफी यांनी पोशाखांचे आरेखन केले. पोशाखांची संख्या एक हजाराहून अधिक होती. काही शिरोभूषणांचे वजन सु. १६ किग्रॅ.पर्यंत असे, ते डोक्यावर तोलून, मान न हलविता व पायांकडे न पाहता पायऱ्या उतरणे हे नर्तिकांचे खास कौशल्य होते. पोशाख वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरीत. नवी नर्तिका आली म्हणजे जुनाच पोशाख तिच्या मापास जुळवून घेत. त्यामुळे एकाच पोशाखात अनेक नर्तिकांची कारकीर्द सामावलेली असे.

शिस्त व परंपरा : अशा कार्यक्रमास लिखित संहितेचा आधार फारसा नसतो. चाल, वळण व उभे राहण्याची ढब एका नर्तिकेकडून दुसरीस प्रत्यक्ष शिकविली जाते. आर्डनच्या पूर्वीच्या कार्यक्रमांत नाचलेल्या फ्लफ लकॉक यांनी व्यवस्थापिका म्हणून २०१२ पर्यंत ही परंपरा जपली. निवड होताना उंचीची अट काटेकोरपणे पाळली जाई आणि ठराविक मुदतीने नर्तकांना पुन्हा चाचणी द्यावी लागे. या शिस्तीमुळे कार्यक्रमाचा दर्जा टिकला. मात्र नर्तकांच्या नोकरीस स्थैर्य नव्हते, हेही खरे.

अखेर : १९९० नंतर कॅसिनोंचे धोरण पालटले. कार्यक्रमाने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, अशी अपेक्षा होऊ लागली. १९९३ पासून सर्क द्यू सोलेई या कॅनेडियन संस्थेच्या कायम प्रयोगांनी प्रेक्षकांची रुची वेगळ्या दिशेने वळविली. ‘लिडो’ १९९१ मध्ये आणि ट्रॉपिकाना हॉटेलातील ‘फोली बेर्जेर’ २००९ मध्ये बंद झाला. २०१४ साली नृत्यदिग्दर्शक फ्रँक गॅटसन याच्याकरवी ‘जुबिली’ला नवे रूप देण्याचा प्रयत्न झाला, पण त्याने फार काळ तग धरला नाही. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शेवटचा प्रयोग झाला. हॉटेलाचे ‘बॅलीज’ हे नावही २०२२ मध्ये बदलले.

आर्डनची कागदपत्रे लास व्हेगस येथील नेव्हाडा विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेली आहेत. कागद व पोशाख जपता येतात. परंतु भार डोक्यावर घेऊन सहजपणे जिना उतरण्याची विद्या शिकविणाऱ्या आणि शिकणाऱ्या व्यक्तींबरोबरच टिकते. दररोजच्या प्रयोगाने तिला जिवंत ठेवणारी ‘जुबिली’ ही लास व्हेगसमधील शेवटची मोठी शाळा होती.