‘डी’ या अक्षराचा इतिहास

समजा, परतूरच्या एखाद्या कार्यालयात एकच ईमेल-खातं चौघे वापरतात. पासवर्ड सगळ्यांकडे, म्हणजे पत्र उडवायची मुभाही सगळ्यांना! यावर आयमॅप प्रोटोकॉलमध्ये १९९७ सालीच तोड निघाली: आरएफसी २०८६. फोल्डरवर कोणाला कोणता हक्क, ते एकेका अक्षरात. पण पत्रावर खोडल्याची खूण करणं आणि ते कायमचं काढणं, दोन्ही ‘डी’तच. २००५ च्या आरएफसी ४३१४ ने त्यांना ‘टी’ आणि ‘ई’ अशी वेगळी अक्षरं दिली. जावामेल या मुक्तस्रोत लायब्ररीतल्या ‘राइट्स’ क्लासचे स्थिरांक मात्र १९९७ चेच राहिले. तिथे ‘डिलीट’ एकच. ‘टी’ हवा असेल तर ‘गेटइन्स्टन्स’ला ते अक्षर आपणच द्यायचं.