मथळ्यांचे प्रताप

आपल्या धर्माबादचे नाव सबंध देशाच्या वर्तमानपत्रांत मोठ्या टाइपात छापले गेले, ते मिरचीमुळे नव्हे, पाण्यामुळे. १६ जुलै २०१० रोजी आंध्रचे माजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आपले आमदार बरोबर घेऊन बाभळीचा बंधारा पाहावयास निघाले, सरहद्दीवर पोलिसांच्या हाती लागले आणि येथल्या आयटीआयच्या इमारतीत त्यांचा मुक्काम पडला. फिटर-वेल्डर जेथे घडतात तेथे काही दिवस राज्यकर्ते बसले! त्या आठवड्यातले मथळे वाचून परगावच्या माणसाला वाटावे की, गोदावरीच्या दोन्ही काठांवर तोफा लागल्या आहेत आणि बाभळीचे दरवाजे खाली आले की पलीकडे वाळवंट सुरू. प्रत्यक्षात बंधाऱ्यात मावणारे पाणी २.७४ टीएमसी. पुढे २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावेत, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे. युद्धाचे वेळापत्रकच झाले म्हणाना!

मथळा आणि मजकूर यांचे हे सासू-सुनेचे नाते फार जुने आहे. आम्ही जुन्या मथळ्यांचे शौकीन. शाळा लवकर सुटली. अक्षरओळख घट्ट झाली ती मोठ्या टाइपावरच. तेव्हा आज त्यांतल्या दोन-चार मथळ्यांकडे जरा वाकड्या नजरेने पाहावे असे योजले आहे.

पहिला मान अर्थातच ‘केसरी’चा. ६ जुलै १८९७ च्या अंकात टिळकांनी विचारले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ प्लेगचे दिवस. प्लेग-अधिकारी रँड याच्यावर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीजवळ गोळी झाडली गेली आणि सरकारने त्याचा राग सबंध पुण्यावर काढावयास घेतला. म्हणून हा प्रश्न. आता आमच्या मनात नेहमी येते की, सरकारने तो प्रश्न सरळ प्रश्न म्हणूनच घेतला असता तर? सेक्रेटरीने शेरा मारला असता, ‘कलेक्टरने चौकशी करून कळवावे.’ कलेक्टरने मामलेदाराला, मामलेदाराने सर्कलला, सर्कलने पाटलाला लिहिले असते. पाटलाने गावची चावडी, विहीर व उकिरडा तपासून उत्तर धाडले असते, ‘सदर वर्णनाचे डोके मौजे मजकुरी आढळले नाही. बेवारशी एक पागोटे मिळाले, ते सोबत पाठविले आहे.’

आणि खरे सांगावयाचे तर चौकशी अगदीच वायफळ ठरली नसती. मुंबई सरकारचे डोके एका ठिकाणी राहतच नसे. हिवाळ्यात ते मुंबईस, उन्हाळ्यात महाबळेश्वरास आणि पावसाळ्यात पुण्यास! म्हणजे जुलै महिन्यात त्याचे ठिकाण गणेशखिंड. ‘केसरी’च्या कचेरीपासून टांग्याने जाण्याइतके जवळ. टिळकांनी नुसता पत्ता विचारला असता तरी भागले असते. आपला मुलूख तर त्या वेळी निजामाचा. येथे डोकी दोन : एक निजामाचे, दुसरे रेसिडेंट साहेबाचे. त्यांतले कोणते ठिकाणावर आहे हे विचारण्याची सोय नव्हती.

याच मथळ्याबद्दल टिळक तुरुंगात गेले असे पुष्कळ जण समजतात. तसे नाही. खटला भरला गेला तो १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी-उत्सवाच्या मजकुरावर. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायद्यातल्या ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ सांगितला : प्रीतीचा अभाव! सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष; अठरा महिने शिक्षा झाली. हा अर्थ कसोशीने अमलात आला असता, तर दर शनिवारी गावोगावहून तक्ते गेले असते : ‘सरकारविषयी प्रीती असलेल्या असामी १४२, संशयास्पद ७, मुका १.’ सारा भरण्याच्या दिवशी तर सबंध तालुकाच कोठडीत घालावा लागला असता. आणि पगार थकलेल्या कामगाराच्या अंतःकरणात मालकाविषयी प्रीती शोधावयाची, तर तेथे आम्हालाच साक्षीला बोलवा.

१९०८ च्या ९ जूनला ‘केसरी’त अग्रलेख आला, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. मथळा पाहून एखाद्याला वाटावे, छप्पर गळते आहे किंवा वैद्याची पुडी लागू पडत नाही. सरकारने मात्र आपलाच उपाय पुढे केला. २२ जुलैच्या रात्री टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. निकाल देणारे न्यायमूर्ती दावर, ज्यांनी १८९७ साली वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता, तेच. त्यावर मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, वर्षाला एक असे सहा दिवस. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. दूर बसलेल्या लेनिननेही या संपाची दखल घेतली.

संपवाल्यांतल्या फार थोड्यांना तो मथळा वाचता येत होता. चाळीत एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे अशी रीत होती. दुसरीही एक गोष्ट आम्ही लपविणार नाही. गिरण्यांतले तास व वय ठरविणाऱ्या फॅक्टरी कायद्याला याच ‘केसरी’ने पूर्वी विरोध केला होता, त्याला त्यात लँकशायरच्या गिरणीवाल्यांचा डाव दिसला. आठवड्याची सुटी मिळविण्यासाठी झगडले ते ‘दीनबंधू’चे नारायण मेघाजी लोखंडे. १८९० साली ती सुटी मिळाली आणि १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगमध्ये लोकांची सेवा करता करता ते गेले. त्यांच्या मथळ्यांसाठी कोणी गिरणी बंद केल्याचे आमच्या वाचनात नाही. टिळकांसाठी झाली ते योग्यच झाले. पण हिशेब मांडताना दोन्ही रकमा लिहाव्यात.

यापुढचे मथळे थट्टेचे नाहीत. हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तिशीही न गाठलेला संपादक ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवीत होता. इमरोज म्हणजे आज. त्याचे आधीचे पत्र ‘तेज’ सरकारने बंद पाडले होते. संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे तो रोज उघड लिहीत असे, आणि रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी, आपल्या लातुरात वकिली केलेला, ते रोज वाचत असे. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना मारेकऱ्यांनी शोएबुल्लाला गाठले, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा उजवा हात तोडला.

१७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. दुसऱ्या दिवशीच्या पत्रांना मथळा शोधावा लागला नाही. शोएबुल्ला जाऊन तेव्हा २६ दिवस झाले होते.