तटाआडची मशीद

इजिप्तमध्ये सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे. बायझंटाईन सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात तो भोवती तट घालून बांधला. ग्रीक ऑर्थोडॉक्स साधूंची वस्ती तिथे तेव्हापासून आहे. हजरत मूसांना जळते झुडूप दिसले ते इथेच, अशी श्रद्धा. कुराणातही या तूर पर्वताचे नाव येते.

आमच्या सहलीला गाईडने दीड तास दिला होता. त्यातला निम्मा झुडपापाशी फोटो काढण्यात गेला! माझी नजर मात्र चर्चसमोरच्या बुटक्या मिनारावर खिळली. ख्रिस्ती मठात मशीद? तीही आजकालची नव्हे. तिच्या लाकडी मिंबरावर हिजरी ५००, म्हणजे इ.स. ११०६ कोरलेले आहे. शेजारचे घंटाघर १८७१ चे.

पैगंबरसाहेबांनी मठाला दिलेल्या अभयपत्राची नक्कल साधू जपून ठेवतात. सहीच्या जागी हाताचा पंजा उमटवलेला. उपासनास्थळाला धक्का लावू नये, दुरुस्तीला उलट मदतच करावी, असे त्यात म्हटले आहे. मूळ पत्र १५१७ मध्ये सुलतान सलीमने इस्तंबूलला नेले, असे सांगतात. पत्र अस्सल की मागाहून लिहिलेले, हा अभ्यासकांचा वाद. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की फातिमी, मामलुक, उस्मानी अशा राजवटींनी मठाला संरक्षणाची फर्माने दिली.

मठातले सहाव्या शतकातले येशूचे चित्र पाहिले. मेणात रंग कालवून काढलेले. दोन्ही डोळ्यांतले भाव वेगवेगळे. हे वाचले कसे? आठव्या शतकात बायझंटाईन सम्राटांनीच धर्मचित्रांवर बंदी घातली. ८४३ मध्ये ती कायमची उठेपर्यंत साम्राज्यात कितीतरी चित्रे नष्ट झाली. सिनाई तेव्हा खलिफांच्या राज्यात होते, सम्राटाचा हुकूम तिथे चालत नव्हता. मशिदीत चित्राला थारा न देणाऱ्यांच्या राज्यात येशूची चित्रे सुरक्षित राहिली!

मठाचे राखणदार जबालिया बदाऊन. त्यांच्या पूर्वजांना जस्टिनियननेच इथे धाडले, अशी परंपरा. पुढे ते मुसलमान झाले, पण मठाची चाकरी सुटली नाही.

मे २०२५ मध्ये इजिप्तच्या न्यायालयाने मठाची जागा सरकारी मालकीची ठरवली. साधूंना वापराचा हक्क तेवढा ठेवला. ग्रीसमध्ये त्यावर खळबळ उडाली. मठाचे पावित्र्य अबाधित राहील, अशी ग्वाही इजिप्तच्या अध्यक्षांच्या कार्यालयाने दिली. पंजाचा ठसा असलेल्या त्या पत्रानंतरचे हे आणखी एक अभयवचन.