रक्त कसें थांबतें? बिंबाणूंच्या शोधाचा इतिहास

पावसाळा सरतां सरतां आमच्या चऱ्होलींत डेंगीचा ताप शिरला कीं इंद्रायणीकांठीं घरोघर एकच पृच्छा चालते: "प्लेटलेट किती भरल्या?" प्लेटलेट म्हणजे रक्तांतील बिंबाणु. त्यांची संख्या महत्त्वाची खरीच. परंतु नुसत्या संख्येनें रक्त थांबत नाहीं, हें या कणांचा इतिहास सांगतो.

रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत ते दीड ते साडेचार लक्ष असतात. विल्यम ऑस्लर यांनीं 1874 सालीं त्यांचें वर्णन केलें, पण त्यांचें कार्य दाखविलें तें इटलींतील तुरिनच्या जुलिओ बिझ्झोझेरो यांनीं, 1882 सालीं. गिनी पिगच्या आंतड्यालगतच्या पातळ पडद्यांतील रक्तवाहिनीला इजा करून ती त्यांनीं प्राणी जिवंत असतांनाच सूक्ष्मदर्शकाखालीं न्याहाळली. तांबड्या पेशी पुढें वाहून जात. हे क्षुद्र कण मात्र जखमेच्या कडेला चिकटत, एकावर एक सांचत आणि बूच बसवीत.

त्या बुचाची रीत पुढें हळूहळू उलगडली. एरवीं बिंबाणु गुळगुळीत चकतीसारखा असतो. वाहिनीचें अस्तर फाटून खालील कोलॅजन उघडें पडलें कीं तो जागा होतो, त्याच्या अंगाला कांट्यांसारखे फांटे फुटतात, आणि पोटांतील एडीपी नांवाचें द्रव्य सांडून तो शेजाऱ्यांसहि जागें करतो. जाग्या कणांच्या पृष्ठावर थ्रॉम्बिन झपाट्यानें बनतें. त्यामुळें फायब्रिनचे धागे तयार होऊन कच्चें बूच पक्कें होतें.

पण शेजाऱ्याचा हातच धरतां आला नाहीं तर? स्वित्झर्लंडचे डॉक्टर एडुआर्ड ग्लान्झमान यांनीं 1918 सालीं असेच रोगी नोंदविले: संख्या पुरी, तरी रक्त थांबेना. फायब्रिनोजेन धरून कणांस एकमेकांशीं जोडणारें पृष्ठावरील प्रथिन त्यांच्यांत नसतें वा सदोष असतें, हें 1970 नंतर कळलें. हा दोष आईबाप दोघांकडून यावा लागतो. म्हणून मामाची मुलगी करण्याची आपली चाल येथें जोखीम वाढविते. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेंत या विकाराचा अभ्यास झाला आहे.

माझ्या वर्गांत असा एक मुलगा होता. त्याच्या नाकांतून वारंवार रक्त वाही आणि मी त्याला उन्हांत खेळतो म्हणून रागावत असें! एका दवाखान्यांत संख्या मोजून, ती पुरी भरली म्हणून, त्याला घरीं धाडलें. पुढें दांत काढल्यावर दोन दिवस रक्त थांबेना, तेव्हां कोठें मुंबईस नीट तपासणी झाली. त्याचे आईबाप आतेमामेभावंडें होतीं. धाकट्या बहिणीचीहि परीक्षा केली. ती निर्दोष निघाली.