मालवण जमा, वेंगुर्ले नावे

एलएफसीचा ब्लॉक संपायला दोन महिने उरले, की बँकेतल्या माणसाला एकाएकी देश बघावासा वाटू लागतो. एरवी डोंबिवली ते फोर्ट आणि फोर्ट ते डोंबिवली एवढ्या जगावर तो समाधानी असतो. पण 'रजा लॅप्स होईल' हे तीन शब्द कानांवर पडले, की त्याच्या अंगात एकदम कोलंबस संचारतो.

यंदा आमच्या घरात कोकण एकमताने मंजूर झालं. आमच्या घरात काहीही एकमताने मंजूर झालं, की मला धास्ती वाटते. कारण भांडण टळलेलं नसतं, पुढच्या विषयावर गेलेलं असतं. तसंच झालं. कोकण म्हणजे कुठलं कोकण? मुक्काम कुठे ठोकायचा? मालवणला की वेंगुर्ल्याला?

दोन्ही गावं सिंधुदुर्ग जिल्ह्यात, एकाच किनाऱ्यावर. मध्ये कर्लीची खाडी आणि पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी सुरू झाली, तीही या दोघांतल्या कोणाच्याच दारात गेली नाही. दोघांनाही कुडाळला उतरायचं आणि तिथून तासाभराचा रस्ता धरायचा. म्हणजे रेल्वेनेसुद्धा निकाल न देता फाइल खाली पाठवली होती!

मुलं मालवणच्या बाजूची. त्यांना समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचे होते. (तेच मासे पानात आले की नाक मुरडतात, हा भाग वेगळा.) आमचे हेडकॅशिअर मूळचे मालवणचे. "अहो, वेंगुर्ल्याला काय आहे? मालवणला किल्ला आहे, किल्ला!" असं ते अशा थाटात म्हणाले, की सिंधुदुर्गाच्या तटाचे शेवटचे चार चिरे त्यांनीच कॅश बंद झाल्यावर जाऊन बसवले असावेत.

आमच्या हिचं माहेर वेंगुर्ल्याचं. म्हणजे माहेर खरं गिरगावातलं, पण मूळ वेंगुर्ल्याचं. तिथलं घर भाऊबंदकीत केव्हाच गेलं. तिला विचारलं, तर "मला काय, कुठेही चालेल," म्हणाली. या वाक्याचा अर्थ कळायला मला लग्नानंतर सात वर्षं लागली. आता कळतो, म्हणूनच मी गप्प बसलो.

राहता राहिले सासरे. अण्णांचं वय ब्याऐंशी. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. ते म्हणाले, "मालवणाकच जावा. वेंगुर्ल्यात आता काय आसा बघूक?" आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर शेअर बाजार चालू होता. अण्णांनी उभ्या जन्मात एक शेअर घेतलेला नाही.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. दोन पक्षांत वाद लागला की आम्ही वही उघडतो. वाचनालयातून गॅझेटिअर आणि इतिहासाची चार पुस्तकं आणली, नवी वही काढली आणि आजोबांच्या पद्धतीने मध्ये रेघ मारली : डावीकडे जमा, उजवीकडे नावे. हेडकॅशिअरांच्या धाकाने डावीकडे मालवण लिहिलं. उजवीकडे आपोआपच वेंगुर्ले आलं.

मालवणची बाजू भराभर भरली. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. तिकडे जंजिऱ्याचा सिद्दी, इकडे गोव्याचा पोर्तुगीज. मध्ये आपलं एक ठाणं हवं. बेटाभोवती पाण्याखाली खडकच खडक, त्यामुळे वाट माहीत नसलेलं जहाज जवळ यायची सोय नाही. बेटाचं क्षेत्र ४८ एकर. पायात शिसं ओतलं आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा केला. आमच्या शाखेच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती त्याहून जुनी आहे. आणि किल्ल्याचा मुख्य दरवाजा असा बांधला आहे, की अगदी पुढ्यात जाईपर्यंत दिसत नाही. ही कला बऱ्याच कचेऱ्यांनी उचलली, पण 'चौकशी' या खिडकीपुरतीच.

आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि पोटात गोडं पाणी! राजाराम महाराजांच्या काळात उभारलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. महाराजांच्या हाताचे आणि पायाचे म्हणून दाखवले जाणारे चुन्यातले ठसे आहेत. खर्च एक कोटी होन, असं सांगतात. व्हाउचर जोडलेलं नाही. पण समुद्र साडेतीनशे वर्षं रोज धडका देऊन ऑडिट करतो आहे आणि तट अजून उभा आहे. मी निमूटपणे पास केलं.

आता वेंगुर्ले. इथे किल्ला नाही. इथे आहे ती वखार, डच लोकांची. १६३७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने डचांनी ती घातली. गोव्याचा पोर्तुगीज हाकेच्या अंतरावर. त्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद इथून जायची. वखार म्हणजे काय? मालाचं कोठार, वर चार खोल्या आणि त्यात पगार कमी म्हणून कुरकुरणारे कारकून. मुख्य कचेरी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला. इथून पत्र निघायचं, ते जहाजातून महिनोन्‌महिने जायचं. म्हणजे 'सासू आजारी, चार दिवस रजा मिळावी' असा अर्ज केला, तर मंजुरी येईपर्यंत सासू बरी होऊन जावयाला पाहायला यायची.

वाचता वाचता मला त्या डचांविषयी भाऊबंदासारखं वाटू लागलं. बाहेर इतिहास घडतो आहे, आदिलशाही डळमळते आहे, १६७५ साली मोगल येऊन गाव जाळताहेत आणि हे बापडे आत बसून गोण्या मोजताहेत. किल्ला बांधणाऱ्याचा पोवाडा होतो. गोण्या मोजणाऱ्याचा पोवाडा कोणी गाइल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि मग एका पानावर मी थबकलो. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याची हकीकत त्याच वर्षी वेंगुर्ल्याच्या वखारीतून डचांच्या पत्रात गेलेली आहे. ज्यांचं या राज्याशी देणं-घेणं एवढंच, की आपला माल सुरक्षित राहावा, त्यांनी ती नोंदून ठेवली. ज्याने सिंधुदुर्ग उभारला, त्याच्या राज्याभिषेकाचा एक साक्षीकागद शेजारच्या वखारीतल्या कारकुनांनी लिहिला! मी खुर्चीतून उठून एक फेरी मारली. वीस वर्षं नोंदी करतो आहे. आपल्या धंद्याविषयी एवढा अभिमान मला पगारवाढीच्या दिवशीही वाटला नव्हता.

पुढच्या शतकात तर मामला थेट माझ्या काउंटरवर आला. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याचं नाव ठेवलं 'फोर्ट ऑगस्टस'. पण तो सांभाळणं परवडेना. तेव्हा दुसऱ्याच वर्षी पावणेचार लाखांहून थोडी जास्त रक्कम ठरवून त्यांनी तो कोल्हापूरकरांना परत केला. त्याच सुमारास त्यांनी सावंतवाडीकरांचा रेडीचा किल्लाही घेतला होता. तो सोडवायला सावंतांना दोन लाख भरायचे होते. पैसे नव्हते. मग सावकार गाठला आणि तारण म्हणून वेंगुर्ले लिहून दिलं. तेरा वर्षांसाठी अख्ख्या वेंगुर्ल्याचा महसूल गहाण!

मी शाखेत सोनेतारण पाहतो. बांगड्या, पाटल्या, मंगळसूत्रं, एकदा तर चांदीचा अडकित्ता. पण गाव गहाण ठेवायला अजून कोणी आलेलं नाही. म्हणून मोठ्या उत्साहाने हा मजकूर मी रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला. मुलांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. अण्णांनी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

"सोडवल्यानी मा मगे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"वेंगुर्ला. गहाण सोडवल्यानी काय नाय?"

मी सांगितलं, की मुदत भरली, पण प्रकरण मिटलं नाही. इंग्रजांशी तंटा झाला आणि १७८० मध्ये वाडीकरांनीच वेंगुर्ल्यावर हल्ला करून ते लुटलं. शेवटी १८१२ साली दोन्ही गावं इंग्रजांकडेच गेली : मालवण कोल्हापूरकरांकडून, वेंगुर्ले सावंतवाडीकरांकडून. एकाच वर्षी.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताटाकडे बघत म्हणाले, "सोडवक होया होता." आणि हात धुवायला उठले. हिने माझ्याकडे पाहिलं. मघाशी म्हटलंच, काही वाक्यं कळायला सात वर्षं लागतात. ही नजर मला तिथल्या तिथे कळली. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याच्या चार रात्री बुक केल्या आणि मालवणला एक दिवस दिला. हेडकॅशिअर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत; तिसऱ्या दिवशी बोलले ते मालवणहून खाजं आणायची आठवण करायला.

सिंधुदुर्ग पाहिला. तो वहीत लिहिला होता त्याहून मोठा निघाला. मुलं पाण्याखाली जाऊन मासे बघून आली आणि किल्ल्यात शिरल्यावर मोबाइल खिशात ठेवून तब्बल दहा मिनिटं गप्प होती. हे ऐतिहासिकच म्हणायचं.

वेंगुर्ल्याची वखार पाहायला मी एकटाच उत्साहाने गेलो. पडझड झालेल्या भिंती, त्यांत घुसलेली झाडांची मुळं आणि भर दुपारची शांतता. आंबोली घाटाचा रस्ता झाल्यावर बेळगावच्या छावणीचा माल याच गावातून वर चढायचा. पुढे १८८० च्या दशकात मुरगावहून आगगाडी सुरू झाली आणि व्यापार तिकडे वळला. तेव्हापासून गावाने आवाज कमी केला तो कमीच. एका पडक्या खिडकीशी मी उगीचच दोन मिनिटं उभा राहिलो. काउंटर बहुधा इथेच असावं.

संध्याकाळी सगळे बंदरावर गेलो. मुंबईची बोट बंद होऊन पस्तीसेक वर्षं झाली. समोर नुसता समुद्र होता आणि दूर दोन होड्या. अण्णा काठीवर भार देऊन उभे होते. आपणहून फारसं न बोलणारा माणूस; बोलू लागला.

"बोट थंय भायर उबी ऱ्हवायची. होडयेतसून जावक लागा. सतरा वर्सांचो होतंय. भाड्याक पैसे नाय. बापाशीन आवशीच्यो पाटल्यो गहाण घातल्यानी."

हिलाही हे ठाऊक नव्हतं. तीही माझ्याइतकीच स्तब्ध.

गिरगावातल्या एका पेढीवर अण्णा हिशेब लिहायला लागले. महिन्याला दहा रुपयांची मनिऑर्डर वेंगुर्ल्याला जायची, त्यातली निम्मी सावकाराकडे. पाटल्या सुटायला तीन वर्षं लागली. त्यानंतरच्या मे महिन्यात ते पहिल्यांदा घरी आले. होडी अजून धक्क्यापासून लांब होती. धक्क्यावर ही माणसं, त्यांतून ओळखायचं कोणाला? तर गर्दीत एका बाईने दोन्ही हात उंच वर धरले होते. हलवत नव्हती, हाक मारत नव्हती. नुसते वर धरून उभी होती, पाटल्या दिसाव्यात म्हणून.

"होडी लागायच्या आदीच दिसल्यो," अण्णा म्हणाले.

आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही. शेवटी अण्णाच माझ्याकडे वळले. "तुमी तेतूरलेच. आज सोन्याचो भाव काय?"

मी सांगितला. त्यांनी मनातल्या मनात चार तोळ्यांचा हिशेब केला (पेढीवरचा हात, माझ्या आधी झाला), आणि चक्क हसले. "मेल्या! आवशीन माजा तिकीट लय म्हाग काढल्यान!"

परत आल्यावर वही पुरी करायला बसलो. राज्य कमावलं मालवणच्या बाजूला, कागद सापडला वेंगुर्ल्याच्या बाजूला. एकीकडची रक्कम दुसरीकडे ओढल्याशिवाय तेरीज जुळेना. दुहेरी नोंद म्हणतात ती हीच, हे बी.कॉम. होऊन इतक्या वर्षांनी कळलं. हेडकॅशिअरांना खाजं पोचतं केलं आणि एलएफसीचं बिल भरायला घेतलं. त्यात 'प्रवासाचं अंतिम ठिकाण' असा रकाना असतो. मालवण की वेंगुर्ले?

या वेळी वही उघडावी लागली नाही.