हातांनी शिकलेली विद्या
कुंभोजपासून पाबळपर्यंतचा एक शैक्षणिक मागोवा

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम एक कपाट उभे राहिले. ज्या माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे विज्ञान शिकविले, तेथील प्रयोगशाळेला लागून असलेल्या खोलीत ते होते. आत रंधा, पटाशी, करवत, गुण्या, दोन हातोड्या, एक स्टोव्ह व काही पातेली. कपाटाला कुलूप असे आणि ते तपासणीच्या आदल्या दिवशी उघडे. कार्यानुभव हा विषय वेळापत्रकात होता, गुणपत्रकात होता, फक्त वर्गात नव्हता. मुले बाजारातून कागदी फुले विकत आणून स्वनिर्मिती म्हणून सादर करीत आणि त्यांना गुण मिळत. त्या गुणपत्रकांवर मीही सह्या केल्या आहेत. तेव्हा दोष इतरांना देण्याचा मला अधिकार नाही.

असे का झाले, याचा विचार करू लागल्यावर मी इतिहासाकडे वळलो. हाताने काम करीत शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. त्याचे काही प्रयोग तेजाने उजळले, काही कागदावरच विझले. त्यांतील भेद कोठे आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

महाराष्ट्रातील या विचाराचा सर्वांत मोठा प्रयोग ज्या पुरुषाने केला, तो आपल्याच समाजात वाढला. भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिले. तेथील एक प्रसंग आपल्या समाजाच्या स्मरणिकेत टाळला जाऊ नये, असे मला वाटते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे याच विद्यार्थ्याने ज्या वसतिगृहांचे जाळे उभारले, त्यांत सर्व जातींची मुले एका चुलीवर शिजलेले अन्न एका पंगतीत बसून खात होती.

पदवी त्यांना मिळाली नव्हती. ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर यांचे विक्रेते म्हणून त्यांनी खेडी पायाखाली घातली. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या घरातील दारिद्र्य आणि अज्ञान जितके जवळून दिसते, तितके ते व्याख्यात्याला क्वचितच दिसत असेल. दुधगावच्या विद्यार्थी आश्रमाच्या कार्यात सहभाग घेतल्यानंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य सातारा येथे आले आणि तेथील वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले.

या वसतिगृहातील दिनक्रम आजच्या पालकांना कठोर वाटेल. स्वयंपाक, पाणी भरणे, सफाई, शेतीकाम ही कामे मुलेच आळीपाळीने करीत. आरंभी त्यांच्या जेवणाचा भार सौ. लक्ष्मीबाईंनी उचलला. जैन घराण्यातील आचारविचारांत वाढलेल्या या माउलीने परजातीच्या मुलांना आपल्या स्वयंपाकघरात घेतले आणि धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. कर्मवीरांच्या चरित्रात त्यांचा उल्लेख बहुधा त्यागाच्या संदर्भात येतो. माझ्या मते त्या संस्थेच्या पहिल्या शिक्षिकाही होत्या, कारण पोरसवदा मुलांना भाकरी थापावयास शिकविणे हेही अध्यापनच आहे. त्या काळी मुलग्याने चुलीपाशी बसणे घरोघरी हास्यास्पद मानले जाई, हे लक्षात घेतले तर या शिक्षणाचे मोल अधिकच जाणवते.

पुढे जून १९४० मध्ये सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर चालणारी ही मोफत निवासी शाळा. येथील मुले शेतात राबली, त्यांनी खडकाळ जमीन लागवडीखाली आणली, आणि त्या श्रमांवर त्यांचे शिक्षण झाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालयाच्या रूपाने हेच तत्त्व उच्च शिक्षणात गेले. १९५९ मध्ये कर्मवीरांना पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी. लिट. हे सन्मान लाभले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

आता या प्रयोगात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मुलांनी भाकऱ्या केल्या नाहीत तर त्या रात्री वसतिगृह उपाशी राहणार होते. काम लटके नव्हते. कोणास किती पीठ लागेल, सरपण किती दिवस पुरेल, हा हिशेब चुकला तर त्याची शिक्षा लाल शाईची रेघ नव्हे, रिकामे ताट असे.

सातारचा प्रयोग गरजेतून उभा राहिला, तर वर्ध्याचा विचारातून. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हस्तोद्योग हा एक जादा विषय नसून त्याच्याच आधारे गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवावे, हा तिचा गाभा. साडेपाच तासांच्या शालेय दिवसांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास देण्यात आली होती! सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती, फळबाग व भाजीपाला, चर्मकाम असे पर्याय होते. शाळेचा चालू खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावा, या अपेक्षेवर मात्र परिषदेतच वाद झाला. प्रा. के. टी. शहा यांनी विरोध केला. सरकारी आश्रयाने शाळांत तयार होणारा माल गावच्या कारागिरांशी स्पर्धा करील, हा त्यांच्या आक्षेपाचा एक भाग होता. हा आक्षेप आजही सहज बाजूस सारता येत नाही. टकळीवरचे सूत मोजण्यातच दिवस गेला, तर ती शाळा न राहता कारखाना होते.

सेवाग्राम येथे आर्यनायकम् पतिपत्नींच्या मार्गदर्शनाखाली या नई तालीमचे जे रूप उभे राहिले, त्यात स्वयंपाकघर, सफाई व बाग यांना वर्गाइतकेच स्थान होते. येथे महत्त्वाचा भाग ‘का?’ या प्रश्नाचा. आपल्या घरातील उदाहरण घेऊ. पाणी गाळून घेणे हा जैन घरातील लहान मुलाचा पहिला हाताने शिकलेला आचार. गाळण्यात काय अडकते, ते भिंगाखाली पाहिले की मूल थक्क होते. पण डोळ्यांना न दिसणारे जंतू कापडाच्या विणीतून निसटतात, म्हणून पाणी उकळावेही लागते, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय पटत नाही. तेथे आचार, करुणा आणि विज्ञान एका भांड्यापाशी एकत्र येतात. कोणत्याही पाठ्यपुस्तकातील धडा इतका मुरत नाही.

स्वातंत्र्यानंतरची हकिकत थोडक्यात सांगण्याजोगीच आहे. मूलोद्योगी शाळा ओसरत गेल्या. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली. हे कोठारी जैन कुळातील थोर भौतिकशास्त्रज्ञ. नील्स बोर यांचे पूरकतेचे तत्त्व आणि आपला स्याद्वाद यांच्या नात्यावर त्यांनी लिहिले आहे. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ अशी कल्पना मांडली. नाव अगदी नेमके होते. पण शाळांत जे तयार झाले ते समाजास उपयोगी नव्हते आणि उत्पादकही नव्हते. त्यात आणखी एक पंक्तिप्रपंच झाला. मुलांना सुतारकाम व मुलींना गृहविज्ञान, अशी वाटणी अनेक शाळांनी निमूटपणे करून टाकली. सातारच्या वसतिगृहातील भाकरी थापणाऱ्या मुलांचा जणू सर्वांना विसर पडला.

यानंतर पाबळ. शिरूर तालुक्यातील या गावी आपल्यापैकी अनेकजण पद्ममणी तीर्थाच्या दर्शनासाठी जातात. इतिहासप्रेमी मस्तानीची कबर पाहतात. गावाबाहेरच्या विज्ञान आश्रमाकडे फारच थोड्यांची पावले वळतात; माझीही फार उशिरा वळली. डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८-२००३) हे अन्नतंत्रज्ञानातील शास्त्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेतील काम, नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पद. निवृत्तीनंतर १९८३ मध्ये त्यांनी पत्नी मीराताईंसह या दुष्काळी भागात येऊन विज्ञान आश्रम सुरू केला.

त्यांनी शिक्षणक्रमाचे चार भाग पाडले : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाने चारही करावयाचे. म्हणजे मुलगी लोखंडाचे वेल्डिंग करते, मुलगा खाद्यपदार्थ बनवतो आणि रक्तगट तपासणी दोघेही शिकतात. नंतर हाच क्रम ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने माध्यमिक शाळांतील आठवी ते दहावीच्या वर्गांत गेला. आठवड्यातील एक दिवस त्यासाठी राखलेला. शिकविणारे बहुधा आश्रमात तयार झालेले तरुण वा गावातील कारागीर. मुलांनी शाळेची बाके दुरुस्त करावीत, नळजोडणी करावी, मातीचे परीक्षण करून द्यावे, अशी सेवा हाच अभ्यास.

भाकरीचेच पाहा. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे चिकट प्रथिन नसते. म्हणून आपल्या आयाबाया पीठ ऊन पाण्यात मळतात. उष्णतेने त्यातील पिष्ठ फुगते, चिकटपणा येतो, भाकरी थापताना चिरत नाही. तव्यावर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुगते. हे रसायन आईला हाताने ठाऊक असते, मुलाला पुस्तकाने. दोघांची गाठ पडत नाही. ती घालून देणे, हे कलबागांचे कार्य होते. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने पाबळला ‘फॅब लॅब’ ही संगणकीय कार्यशाळा उभी राहिली. ही संकल्पना अमेरिकेबाहेर गेली ती प्रथम या खेड्यात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकण्याची तरतूद आहे. दहा दिवस फार नव्हेत. शिवाय वस्तू कोणाला तरी खरोखर हवी असल्याखेरीज ते पुन्हा कागदी फुलांतच जातील, ही भीती मला वाटते.

पाबळहून परतल्यावर, निवृत्तीला एक वर्ष उरले असताना, मी त्या कपाटाची किल्ली मागून घेतली. पटाशांना गंज चढला होता. गावातील एका सुतारांना विनंती केली. ते शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर येऊ लागले. नववीच्या मुलामुलींनी अकरा मोडकी बाके जोडली. आमचे पहिले स्टूल मात्र डुगडुगत राहिले. चौथा पाय तासून तासून तोकडा झाला, तरी ते स्थिर होईना. एक मुलगी बराच वेळ पाहत होती. ती म्हणाली, “सर, आमच्या घरातली तिपाई कुठेही ठेवली तरी डुगडुगत नाही. असं का?” एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, हे मी त्या वर्गाला दोन महिन्यांपूर्वी फळ्यावर लिहून दिले होते. तो सिद्धांत या वेळी तिनेच इतरांना समजावून सांगितला आणि सुतारकाका रंधा बाजूला ठेवून ऐकत बसले.