पीट पॉसलथ्वेट : चेहरा ओळखीचा, पण नाव कुणाला आठवत नाही असा ब्रिटिश अभिनेता

'इन्सेप्शन'मधला मृत्युशय्येवरचा उद्योगपती आठवतोय? ज्याच्या मुलाच्या डोक्यात एक विचार पेरण्यासाठी लिओनार्डो डिकॅप्रिओची टीम स्वप्नात शिरते, तोच. 'द लॉस्ट वर्ल्ड : ज्युरासिक पार्क'मधला टी-रेक्सच्या मागावर असलेला शिकारी? 'द युज्वल सस्पेक्ट्स'मधला थंड डोक्याचा वकील कोबायाशी?

हे तिघेही एकच. पीट पॉसलथ्वेट.

शिक्षक ते नट

पीट यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1946 रोजी इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचा. घर कामगाराचं, कॅथलिक. तरुणपणी पाद्री व्हायचा विचार होता. काही काळ त्यांनी शाळेत नाटक हा विषय शिकवला आणि मग ब्रिस्टल ओल्ड विक नाट्यशाळेत प्रवेश घेतला.

पुढे लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये ते घडले. बिल नाय, ज्युली वॉल्टर्स, जोनाथन प्राइस हे तिथले सहकारी. आडनाव बदल, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तो ऐकला नाही. एवढं लांब नाव दिव्यांनी झळकवायचं तर थिएटरला विजेचं बिल परवडणार नाही, असा विनोद हा सल्ला देणारे करायचे.

ऑस्करपर्यंत नेणारा बाप

1993 चा 'इन द नेम ऑफ द फादर' खऱ्या घटनेवर आधारित आहे. 1974 मध्ये गिल्डफर्डच्या पबमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि जेरी कॉनलन या तरुणाला त्यात गोवण्यात आलं. त्याच्या मदतीला बेलफास्टहून आलेले वडील ज्युसेप्पे यांनाही अटक झाली. ते 1980 मध्ये कैदेत असतानाच वारले. त्यांची शिक्षा रद्द झाली ती 1991 मध्ये.

ज्युसेप्पेंची भूमिका पीट यांनी केली, तर मुलगा झाला होता डॅनियल डे-लुईस. या भूमिकेसाठी पीट यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार मात्र 'द फ्युजिटिव्ह'साठी टॉमी ली जोन्स यांनी नेला.

बंद पडणाऱ्या खाणीचा बँडमास्तर

1996 च्या 'ब्रास्ड ऑफ'मध्ये यॉर्कशायरमधली कोळशाची खाण बंद होतेय आणि कामगारांचा ब्रास बँड तरीही स्पर्धेला उतरतो. बँडमास्तर डॅनी म्हणजे पीट. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जिंकल्यावर तो ट्रॉफी नाकारतो आणि माणसं संगीतापेक्षा महत्त्वाची आहेत हे सुनावतो. ब्रिटनमध्ये पीट यांची ओळख आजही या भाषणाशी जोडलेली आहे.

स्पीलबर्ग काय म्हणाले?

1997 मध्ये पीट यांनी स्टीव्हन स्पीलबर्गसोबत 'द लॉस्ट वर्ल्ड' आणि 'अमिस्टाड' असे दोन सिनेमे केले. स्पीलबर्गने त्यांना जगातला सर्वोत्तम अभिनेता म्हटलं. यावर पीट यांचं म्हणणं असं की, 'आपण जगातले सर्वोत्तम अभिनेते आहोत असं पीटला वाटतं', असं स्पीलबर्ग म्हणाला असणार!

'ओबीई परत करेन'

2004 मध्ये त्यांना 'ओबीई' हा ब्रिटिश सन्मान मिळाला. 2009 मध्ये आलेल्या 'द एज ऑफ स्टुपिड' या हवामान बदलावरच्या माहितीपटात ते 2055 सालातला एकटा उरलेला माणूस झाले. जुन्या चित्रफिती बघत तो विचारतो, वेळ होती तेव्हा आपण स्वतःला का वाचवलं नाही? त्यातल्या खऱ्या कहाण्यांपैकी एक 'गोएअर' या मुंबईच्या स्वस्त विमानकंपनीची आहे.

प्रीमियरच्या वेळी पीट यांनी ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांना समोरासमोर सांगितलं की, किंग्सनॉर्थच्या नव्या कोळसा वीजप्रकल्पाला परवानगी दिलीत तर ओबीई परत करेन. पुढे तो प्रकल्प झालाच नाही.

शेवटची वर्षं

2008 मध्ये ते पुन्हा एव्हरीमनमध्ये परतले, थेट 'किंग लिअर' म्हणून. सिनेमात बहुतेक वेळा सहाय्यक भूमिका करणारा हा नट घरच्या रंगमंचावर राजा होता.

2 जानेवारी 2011 रोजी, वयाच्या 64 व्या वर्षी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यानंतर काही दिवसांतच बाफ्टाची नामांकनं जाहीर झाली. 'द टाउन'मधल्या फुलविक्रेत्या गुंडाच्या भूमिकेसाठी त्यात पीट यांचं नाव होतं. विभाग अर्थातच, सहाय्यक अभिनेता.